रंग द्यायचा की रूळ बदलायचे?

आमच्या आर्वीला पूर्वी पुलगावहून छोटी आगगाडी यायची. १९१७ साली सुरू झालेली, अवघी ३५ किलोमीटरची लाईन. दोन रुळांमधलं अंतर फक्त ७६२ मिलिमीटर! पुलगावच्या मोठ्या लाईनचं अंतर मात्र १६७६ मिलिमीटर. आता गंमत बघा. छोट्या गाडीचे डबे कितीही रंगवले, नवी बाकं बसवली, तरी मुंबई-नागपूर मार्गावरचा डबा काही आर्वीपर्यंत येऊ शकत नव्हता. त्यासाठी रूळच बदलायला हवे होते.

तुम्ही म्हणाल, काकांनी हे रेल्वेपुराण कशाला काढलं? सांगतो. माझं काम आहे वेबसाइट तयार करण्याचं आणि जुन्या दुरुस्त करण्याचं. जुनी वेबसाइट समोर आली की मला हाच प्रश्न पडतो : नुसता रंग द्यायचा की रूळ बदलायचे?

जुनं म्हणजे टाकाऊ, असं मुळीच नाही बरं का! जगातली पहिली वेबसाइट टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधन संस्थेत तयार केली. १९९१ साली ती सर्वांसाठी खुली झाली. २०१३ मध्ये 'सर्न'ने तिची पानं पुन्हा मूळ पत्त्यावर ठेवली. साधा मजकूर आणि दुवे, एवढंच. म्हणून ती पानं आजच्या मोबाईलवरही छान उघडतात.

मग वयावरून नाही, तर कशावरून ठरवायचं? वाचणाऱ्याचं काम होतं की नाही, यावरून!

आमच्या शेजारची दहावीतली मुलगी एकदा एका संस्थेच्या वेबसाइटवर शिष्यवृत्तीची माहिती शोधत होती. मला म्हणाली, "काका, हे तं वाचताच नाही येऊन राह्यलं!" पाहतो तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी. ते पान जुन्या फॉन्टमध्ये होतं. अशा फॉन्टमध्ये संगणक आत इंग्रजी अक्षरंच साठवतो आणि फॉन्ट त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. फोनमध्ये तो फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो. मजकूर शोधून सापडत नाही. अंध वाचकांना मजकूर वाचून दाखवणारी सोयही तिथे गोंधळते. युनिकोडमध्ये मात्र 'क'ला स्वतःचा क्रमांक असतो. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरी आहे. म्हणजे इथे रूळच वेगळे!

त्या मुलीने शेवटी संस्थेत जाऊन विचारलं, तेव्हा अर्जाला एकच दिवस उरला होता. तिचा अर्ज गेला. पण ज्यांना जाऊन विचारता आलं नाही, त्यांचं काय?

आता तुम्हीही परीक्षक व्हा. शाळेची किंवा वाचनालयाची वेबसाइट फोनवर उघडा. तारखा, फोन नंबर जुने आहेत? मग मजकूर बदला, तासाभराचं काम. पत्त्याजवळ 'सुरक्षित नाही' असं दिसतं? तेही बहुतेक वेळा सगळं न पाडता दुरुस्त होतं. पण अक्षरं मुंगीएवढी दिसतात, मराठी वाचता येत नाही, मुख्य भाग २०२० अखेर बंद पडलेल्या 'फ्लॅश'वर आहे, एक दुरुस्ती केली की दुसरं काहीतरी मोडतं, असं असेल तर ओळखा, रूळ बदलायची वेळ झाली!

एक मात्र लक्षात ठेवा. नवं बांधताना जुनं फेकू नका. जुने निकाल, संमेलनांचे फोटो, पुस्तकांच्या याद्या हा गावाचा ठेवा असतो. जुना मजकूर युनिकोडमध्ये आणून एकदा डोळ्यांनी तपासा. जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला नव्या पानावर पोचवायची सोयही करा, म्हणजे कुणी वाटेत अडकणार नाही.

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. एका बाजूला लिहा 'रंग', दुसऱ्या बाजूला 'रूळ'. सापडलेले दोष त्यात मांडा आणि ती यादी गुरुजींना किंवा ग्रंथपालांना दाखवा. त्यांना हे सांगणारं कुणी भेटलंच नसेल कदाचित. मग, लागताय ना कामाला?