भोपळेराव

परसात लाल भोपळ्याचं बी टोचलं की पहिले तीन-चार आठवडे कुणाच्या ध्यानीमनी नसतं, हे पुढे काय दिवे लावणार आहेत. आळ्यात दोन जाड दलं, मग खरबरीत लवेची चार पानं. त्यात लाल भुंगेरे पानांची चाळण करतात, तेव्हा तर कीवच येते. भुंगेरे सकाळच्या गारव्यात सुस्त असतात. तेव्हाच वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत.

मग दोन पाऊस पडतात आणि राव उठतात. काल आळ्याच्या काठावर असलेला शेंडा बघता बघता मिरचीच्या बुंध्याशी! त्यांचा तणावा जवळून पाहावा. आधी सरळ, हवेत चाचपडणारा. मिरचीची काडी लागली की टोक वळतं, वेढा बसतो आणि मधला भाग पीळ घेत अख्खा वेल पुढे ओढतो. सोडवायला जा, मिरचीची फांदी हातात येईल, तणावा नाही. जमिनीला टेकलेल्या पेरांनाही मुळं फुटतात, म्हणजे मुक्काम पक्का. वीत-वीतभर पानांखाली मिरची, टोमॅटो उन्हाला पारखे होतात. म्हणून दोन आळ्यांत दोन-तीन मीटर सोडावेत, आणि आळं कुंपणाकडेला करून वेलाचं तोंड बाहेर वळवावं.

भाऊबंदांशी वेगळीच अडचण. काकडी, दोडका, दुधी खेटून असले की फळमाशी आणि भुरी घरातल्या घरात फिरते. कारल्याच्या शेजारानं भोपळा कडू होतो, ही मात्र निव्वळ थाप.

जुनी सोयरीक मक्याशी. राव मूळचे अमेरिका खंडातले. तिकडचे इरोक्वा लोक मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावत, त्यांना तीन बहिणी म्हणत. (तिकडे राव बाई होते!) मका घेवड्याला आधार देतो, घेवड्याच्या मुळांवरच्या गाठी नत्र धरतात आणि भोपळ्याची पानं जमीन झाकून तण दाबतात, ओल राखतात. इथे ज्या पसाऱ्याला आपण नावं ठेवतो, तीच तिथली त्यांची नोकरी.

एवढी जागा नसेल तर मला मेथी आणि लाल माठ पसंत. आळ्याभोवती त्याच दिवशी पेरायचे. महिन्याभरात जुड्या घरात येतात, तोवर रावांनी हातपाय पसरलेले नसतात.

फुलं येतात तेव्हा आधी सगळी नर. फळ धरत नाही म्हणून वेल उपटू नये. मादी फूल मागून येतं, बुडाशी चिमुकला भोपळा घेऊनच. मधमाश्या फिरकत नसतील तर सकाळी लवकर नर फुलाच्या पाकळ्या सारून ते मादीवर टेकवावं. ऊन चढलं की फुलं मिटतात. उरलेल्या नर फुलांची भजी. पिठात मिरची हवीच. परसात नाही जमलं, तर निदान कढईत.