बोडीतली लाल अळी

भंडारा-गोंदिया हे तलावांचे जिल्हे. मालगुजारांच्या काळात भातशेतीसाठी इथे गावोगाव तलाव बांधले गेले. १९५१ साली मालगुजारी गेली, पण लोक या माजी मालगुजारी तलावांना आजही 'मामा तलाव' म्हणतात. लहान तळ्याला म्हणतात बोडी. याच भंडाऱ्यातून १९५४ ची लोकसभेची पोटनिवडणूक बाबासाहेबांनी लढवली होती.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही वस्तीतली चार-पाच कुटुंबे अशाच एका बोडीवर गेलो. पाळीवर पळस, पाण्यात शिंगाड्याचे वेल, पलीकडे जाळे टाकणारे ढिवर बांधव. मुलांनी काठचा गाळ पांढऱ्या ताटलीत घेऊन पाण्याने पसरला, तर त्यात लालभडक अळ्या वळवळू लागल्या. "ह्या डासाच्याच. रॉकेल ओता," असे कुणीतरी म्हणाले. आमच्यातल्या एका शिक्षकाने सगळ्यांना थांबवून ताटली पुढे ठेवली.

डासाची अळी पृष्ठभागाजवळ राहते, कारण तिला श्वासासाठी वर यावे लागते. तिचे छातीकडचे अंग जाड असते आणि तिला पाय नसतात. ही लाल अळी गाळात माती चिकटवून केलेल्या नळीत राहते. अंग एकसारखे बारीक, एक-दोन सेंटिमीटर लांब. डोके स्पष्ट, डोक्यामागे आणि शेपटीशी आखूड पायांची एकेक जोडी. लाल रंग हिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्ताला लाल करणाऱ्या द्रव्याचाच. त्यामुळे कमी प्राणवायूच्या गाळातही ती जगते. गाळात लाल गांडुळासारखे बारीक किडेही असतात, पण त्यांना असे डोके नसते, पायही नसतात.

हिचे शास्त्रीय नाव कायरोनोमस. मत्स्यालयवाले तिला ब्लडवर्म म्हणतात. तिच्या कुळातल्या सगळ्याच अळ्या लाल नसतात, काही हिरवट किंवा फिकट असतात. नेमकी जात ओळखायला सूक्ष्मदर्शकाखाली तोंडाचे दात पाहावे लागतात. तिचे पुढे चिलट होते. ते डासासारखे दिसते, पण त्याला रक्त पिणारी सोंड नसते. बसल्यावर डास बहुधा मागचे पाय उचलतो, हे चिलट पुढचे. ते चावत नाही, काही दिवस जगून मरते. थवे फार झाले तर काहींना दम्याचा वा ॲलर्जीचा त्रास होतो, एवढेच. अळी मात्र माशांचे खाद्य आहे.

रॉकेलाचा तवंग वर श्वास घेणाऱ्या डासाच्या अळीला मारतो. गाळातल्या अळीवर तो उपाय नव्हे, तळ्याचे पाणी तेवढे नासते आणि ढिवरांच्या पोटावर पाय येतो. आणि खरा शत्रू? डेंग्यूचा डास आपल्याच घरातल्या ड्रममध्ये, कूलरमध्ये, टायरमध्ये साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. बोडीला शिव्या देऊन घरचा ड्रम विसरलो तर ताप आपल्याच लेकरांना येणार. म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडी रिकामी करून, घासून, कोरडी ठेवावीत.

लाल अळी पाण्याची खबरही देते. चतुराची पिल्ले, गोगलगायी यांच्यासोबत ती थोडी असेल तर काळजी नको. पण दुसरे जीव नाहीसे होऊन तीच ढिगाने दिसली आणि गाळ काळा, घाणेरड्या वासाचा असला, तर सांडपाणी आत येत असल्याची शंका घ्यावी. मग ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्यावा. पिण्याचे पाणी तर गाळून उकळूनच घ्यावे.

भिक्खूच्या अष्टपरिष्कारांत पाणी गाळण्याचे साधन असते. पाण्यातल्या बारीक जिवाचाही विचार भगवंतांनी केला. धम्म 'एहिपस्सिको' आहे: या आणि पाहा. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी पिऊन आपला पाण्यावरचा हक्क सांगितला. ज्या पाण्यावर हक्क मिळवला, ते पाणी ओळखणे आणि राखणे हे आपलेच काम आहे. सुट्टीत मुलांच्या हाती एक पांढरी ताटली द्या आणि त्यांना तळ्यावर न्या. सोबत मोठे माणूस असू द्या.