तक्त्यात नसलेला कोन

भिसेगावातल्या आमच्या घरी मुंबई-पुणे लोहमार्गाचा आवाज दिवसरात्र सोबतीला असतो. कर्जत स्थानकात बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांना मागून जादा इंजिने जोडली जातात आणि मग त्या बोरघाट चढू लागतात. रेल्वेतली माणसे या इंजिनांना ‘बँकर’ म्हणतात. मुलीच्या गणिताचा निर्णय करताना हीच इंजिने आमच्या मदतीला आली.

मुलगी आठवीनंतर घरीच शिकली. दहावीची परीक्षा तिने राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडून दिली. तेथे गणित सक्तीचे नाही. किमान एक भाषा धरून पाच विषय विद्यार्थ्याने निवडायचे असतात. तिने गणित घेतले होते आणि गुणही बरे मिळाले. आता बारावीसाठी ‘311’ क्रमांकाचा गणित हा विषय घ्यावा, की गणिताला कायमचा नमस्कार करावा, असा प्रश्न होता.

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. दहावीचा भूमितीचा पेपर संपला त्या दिवशी गणिताशी असलेला आमचा संबंधही संपला. त्यामुळे ‘हिचा कल कलेकडे आहे’ हे वाक्य आमच्या तोंडी फार सहज येऊ लागले. वस्तुतः जुन्या घरांची चित्रे काढता काढता तिला वास्तुकलेची ओढ लागली होती, आणि त्या पदवीला बारावीचे भौतिकशास्त्र व गणित लागते. आम्ही तिचा कल म्हणत होतो ते आमचे भय होते, हे एकमेकांपाशी कबूल करायला आम्हांला काही आठवडे लागले.

भय बाजूला ठेवले तरी तिची तयारी किती, हे पाहणे उरलेच होते. गुणपत्रिकेवरून ते कळेना. एका संध्याकाळी घाट चढायला निघालेल्या गाडीकडे बोट दाखवून आम्ही विचारले, “या घाटाचा चढ 37 ला 1 आहे. असे 10 किलोमीटर गेलो तर किती वर जाऊ?” तिने कागदावर भागाकार करून “साधारण 270 मीटर” असे सांगितले. “मग या चढाचा कोन किती?” ती थबकली. थोड्या वेळाने म्हणाली, “बाबा, हा कोन तक्त्यात नाही.”

तक्त्यात 0, 30, 45, 60 आणि 90 अंश होते. घाटाचा कोन दीड अंशाच्या आसपास.

आम्हांला आमचे वर्ग आठवले. उपमेची व्याख्या आणि नेहमीचे उदाहरण विद्यार्थी घडाघडा म्हणतो. पण अनोळखी ओळ पुढे ठेवली की त्याला अलंकार दिसत नाही. तिच्या त्रिकोणमितीचेही तेच झाले होते. गुणोत्तरे पाठ होती, परंतु कोन बदलला की गुणोत्तर का बदलते, हे तिने कधी पाहिलेच नव्हते. घरी शिकवण्याचा अभिमान बाळगणाऱ्या आम्ही तिला घोकंपट्टीच शिकवली होती.

एका परिचिताने सुचवले, “एवढे कच्चे असेल तर गणित सोडा.” आम्ही उलटा निष्कर्ष काढला. 311 च्या अभ्यासक्रमात कोणत्याही कोनाची त्रिकोणमिती आहे आणि पुढे कलनशास्त्र आहे. जे तिला अडले, तेच तेथे उलगडते. मात्र घाई करायची नाही, असे ठरले. मुक्त विद्यालयातली नोंदणी पाच वर्षे टिकते आणि परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. तेव्हा पहिले चार महिने दहावीचेच बीजगणित आणि त्रिकोणमिती, पण पाठांतराशिवाय; नंतर नवे पुस्तक. शिकवायला आम्ही नाही. गावातल्या एका निवृत्त शिक्षिकेकडे ती आठवड्यातून तीनदा जाईल.

अर्जावर विषय तिने स्वतः लिहिला. लिहिण्याआधी एवढेच विचारले, “आई, नाही जमले तर?”

“तर पुढच्या खेपेला देशील,” आम्ही म्हणालो. सध्या तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसून आम्हीही दीड अंशाचा त्रिकोण काढायला शिकत आहोत.