छाटणी कोणी केली?

नाशिकच्या सुला वायनरीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. पुढे नाशिक-दिंडोरी परिसरात वायनरी वाढल्या, तशी फ्रान्सची माणसंही कामानिमित्त इथे येऊ लागली. त्यांतल्या काहींना मी इंग्रजी शिकवत होते. रोजचं बोलणं त्यांना जमायचं; गाडी अडायची ती प्रयोजक क्रियापदांपाशी, म्हणजे दुसऱ्याकडून काम करवून घेतल्याचं सांगताना. "वुई मेड प्रून द व्हाइन्स," एकजण ठामपणे म्हणाला.

त्याच्या भाषेत हे बरोबरच होतं. 'फॅर ताये ला विन्य': दोन क्रियापदं एकमेकांना चिकटलेली, वेली त्यांच्यामागे. इंग्रजीत मात्र करणारा किंवा ज्यावर काम होतं ती वस्तू मधे बसते. 'वुई हॅड द वर्कर्स प्रून द व्हाइन्स', नाहीतर 'वुई हॅड द व्हाइन्स प्रून्ड'. हा क्रम फळ्यावर मांडला की लवकर बसतो.

खरी अडचण 'मेक', 'हॅव' की 'गेट' ही. फ्रेंच 'फॅर' तिघांचं काम एकटं करतं. मराठीतही 'मजुरांकडून छाटणी करून घेतली' एवढ्यावर भागतं. हुकूम होता की विनवणी, ते कळत नाही. इंग्रजीत ते ठरवूनच बोलावं लागतं. द्राक्षाच्या गोडी छाटणीला, म्हणजे फळं धरण्यासाठीच्या छाटणीला, पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या येतात, दर ठरवून काम घेतात. त्यांच्याबद्दल 'वुई मेड देम प्रून' म्हटलं तर त्यांना सक्तीने राबवलं असा अर्थ होतो. ठरलेलं काम ठरलेल्या दराने झालं, तिथे 'हॅव'. पावसाच्या धास्तीने मुकादमाला रविवारी यायची गळ घातली, तर 'गेट', आणि त्या माणसानंतर 'टू'. हा फरक मी पुन्हा पुन्हा घोटून घेतला, कारण त्यात त्या मजुरांचा मान होता.

"मग 'शी मेड मी लाफ'मध्ये कसली सक्ती?" एका बाईंनी विचारलं. फार चांगला प्रश्न. हसू कोणी ठरवून हसत नाही. जिथे मर्जीचा प्रश्नच येत नाही, तिथेही 'मेक'च. 'लेट'ला वेळ लागला नाही, फ्रेंचमध्ये 'लेसे' आहेच.

फोन चोरीला गेल्याचं वाक्य तर त्यांना लगेच आलं. 'आय हॅड माय फोन स्टोलन'सारखीच रचना फ्रेंचमध्येही आहे. माझे नाशिकचे विद्यार्थी मात्र तिथेच अडतात. स्वतःच्या फोनची चोरी कोण करवून घेईल, असं विचारतात.