फ्लास्कमध्ये सगळेच मरतात

काळ्या आजाराला कारणीभूत असलेला लेशमानिया फ्लास्कमध्ये मारणं काही अवघड नाही. 26 अंशांना वाढवलेले ते शेपटीवाले जीव हळदीतल्या करक्युमिननंही मरतात, आणि त्यावर शोधनिबंधही निघतात. पुण्याच्या प्रयोगशाळेत मी असे ढीगभर मारले.

माणसाच्या अंगात गेल्यावर मात्र हा परजीवी शेपटी टाकून गोल होतो आणि त्याला खायला आलेल्या मॅक्रोफेज पेशीतच मुक्काम ठोकतो. आमची खरी परीक्षा तिथे. काचेवर गीम्सा रंग चढवायचा, तेलाच्या भिंगाखाली पेशी शोधायची. मोठा जांभळा ठिपका आणि त्याला खेटून एक बारीकशी दांडी दिसली की समजायचं, हा आहे. शंभर पेशींमधले मोजेपर्यंत मान आखडायची. फ्लास्कमध्ये अव्वल आलेली संयुगं इथे सपशेल आपटायची. नाहीतर परजीवीआधी पेशीच मरायची.

नमुन्यांसाठी मुझफ्फरपूरला गेले तेव्हा अँटिमनीची इंजेक्शनं तिथे निकामी ठरत होती. महिनाभर रोज टोचूनही निम्म्याहून जास्त रुग्ण बरे होत नव्हते. बेंबीपर्यंत प्लीहा उतरलेल्या एका शेतमजुरानं औषधाचं नाव विचारलंच नाही. "कितना दिन लगेगा, मैडम?" एवढंच. तो झोपून, बायको उशाशी. म्हणजे घरातल्या दोन मजुऱ्या बुडालेल्या.

मूळ कर्करोगासाठी शोधलेलं मिल्टेफोसिन 2002 साली भारतात आलं. तोंडानं घ्यायची गोळी म्हणून सगळे खूश. पण 28 दिवस घ्यायची, उलट्या होतात आणि गर्भवतीला देता येत नाही. ताप उतरला की लोक गोळ्या सोडणारच. मीही सोडल्या असत्या. 2010 साली पुढे आलेला उपाय मला जास्त आवडला : लायपोसोमल अँफोटेरिसिनचं एकच सलाइन. रेणू 1950च्या दशकातलाच, वेष्टन तेवढं मेदाचं. ते मेदाचे कण मॅक्रोफेज आपणहून गिळतात, म्हणजे औषध थेट परजीवीच्या घरात.

आता रुग्ण खूप घटलेत. उरलाय तो बरं झाल्यावर महिन्यांनी, वर्षांनी कातडीवर उमटणारा आजार. चट्टे दुखत नाहीत, ताप नसतो, पण चावणारी वाळूमाशी तिथूनच परजीवी उचलून पुढच्या घरी नेते. त्यावर मिल्टेफोसिन बारा आठवडे. न दुखणाऱ्या डागासाठी तीन महिने मळमळ कोण सोसेल? म्हणून हल्ली नवं संयुग हाती आलं की मी आधी विचारते, किती दिवस द्यावं लागेल?