बेल्टवरचं टेबल

इंकजेट प्रिंटरचं डोकं कागदावर डावीउजवीकडे धावतं ना, तेच काम दोन दिशांना करणारं टेबल मला हवं होतं. स्क्रू आणि रेलचं तयार टेबल घ्यायचं तर खिसा रिकामा! म्हणून मग दातेरी बेल्ट.

हिशोब सोपा आहे. जीटी-२ बेल्टच्या दोन दात्यांत अंतर २ मिमी. पुलीला २० दाते, म्हणजे एका फेरीत ४० मिमी. स्टेपर मोटरची फेरी २०० पावलांची, ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे १६ भाग करतो. ३२०० भागिले ४०, म्हणजे मिलिमीटरला ८० पावलं. कागदावर तर एकदम भारी.

मोटर्स लॅमिंग्टन रोडवरून, दांड्या भंगारातल्या प्रिंटरच्या, प्लायवूड शहापूरचं. दर शनिवारी आसनगावला उतरायचं आणि भातसानगर गाठायचं. चार-पाच शनिवारांत टेबल हलायला लागलं.

बाबांची नोकरी धरणावर पाण्याची पातळी नोंदण्यात गेली. त्यांनी विचारलं, "१०० मिमी सरकलं हे तुला कसं कळलं?"

"८००० पावलं टाकायला सांगितली ना."

"तो हुकूम झाला. मोजलं कुणी?"

व्हर्निअर लावला. ९९.६! बेल्ट आणि पुली स्वस्तातल्या, एवढा फरक असणारच. ८० च्या जागी ८०.३२ लिहिलं की तो जातो. पण बाबांचा प्रश्न तसा जात नाही. वेग फार वाढवला की मोटर पावलं चुकवते, आणि प्रोग्रॅमला पत्ताच नसतो. लाईट गेली की टेबल कुठे आहे हेच तो विसरतो.

गंमत म्हणजे उत्तर त्याच भंगारात होतं. प्रिंटरमध्ये बारीक रेघांची एक पारदर्शक पट्टी असते. डोकं धावताना सेन्सर त्या रेघा मोजत जातो. म्हणजे तो प्रिंटर हुकूम देऊन थांबत नाही, स्वतः मोजतो!

ती पट्टी माझ्या टेबलाला बसवायची आहे. तोवर दोन कोपऱ्यांत लिमिट स्विच लावलेत. लाईट आली की टेबल आधी तिथे जाऊन टेकतं, शून्य धरतं, मग पुढचं काम. बेल्ट नीट ताणलेला असेल तर पेन्सिल पुन्हा त्याच ठिपक्यावर येते. चित्र काढायला तेवढं पुरतं.

टेबलापाशी आता एक वहीही आहे. तारीख, सांगितलेलं अंतर, मोजलेलं अंतर. तिसऱ्या रकान्यातलं अक्षर बाबांचं.