स्वस्तातला गडी

बाजारात वस्तूला किंमत असते आणि वस्तूच्या अंगी मोल असते. पुष्कळदा ही दोन्ही एकत्र नांदतात; परंतु कधी कधी त्यांची ताटातूट होते. अशी ताटातूट झालेली वस्तू ज्याच्या नजरेस पडते, तोच खरा पारखी. हे मी कोणत्याही ग्रंथात वाचलेले नाही. कतारगामात हिऱ्यांच्या कारखान्यांच्या सावलीत वाढणाऱ्या मुलामुलींना ते न शिकवताच कळते. हॉकीच्या मैदानालाही हेच लागू पडते, हे मात्र मला गेल्या वर्षी उमगले. ती हकीकत वाचकांपुढे ठेवते.

माझे वडील तरुणपणी धुळे जिल्ह्यातून सुरतेस आले. प्रथम काही वर्षे ते घंटीवर बसले. घंटी म्हणजे हिरा घासण्याची फिरती तबकडी. पुढे नजर चांगली म्हणून त्यांना कच्चा माल निवडण्याच्या टेबलावर नेण्यात आले. कच्च्या हिऱ्याला येथे रफ म्हणतात. पांढऱ्या कागदाचे पुडके उलगडायचे, चिमट्याने एकेक खडा उचलायचा, भिंगातून पाहायचा आणि त्यातून काय निघेल याचा अंदाज बांधायचा, हे त्यांचे रोजचे काम. आता मोठ्या कारखान्यांत यंत्रेही खड्याच्या पोटात डोकावतात. तरीही घासल्यावर निम्म्याहून अधिक वजन धुळीत जाणार हे धरूनच रफ घ्यावी लागते. जे आहे त्यापेक्षा जे उरेल त्याची किंमत करणे, हीच या कामातील विद्या होय.

सुरतेचा सारा धंदाच मुळी अशा पारखीवर उभा राहिला आहे. मोठे व निर्दोष खडे युरोपात व इस्रायलमध्ये घडवले जात. बारीक, मळकट, मजुरीही सुटणार नाही असे वाटणारे खडे आपल्या कारागिरांकडे येत. १९८० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियातील आर्गाइल खाणीतून असा माल विपुल निघू लागला. त्यातील बहुतेक खडे बारीक आणि तपकिरी होते. आपल्या लोकांनी ते स्वस्तात घेतले, घासले आणि सामान्य माणसाला परवडतील असे दागिने त्यांतून झाले. ती खाण २०२० साली बंद पडली. पण इतरांनी बाजूला सारलेल्या खड्यांतून सुरत मोठी झाली, ही गोष्ट खरीच राहिली.

आता हॉकीकडे वळते. माझी मावशी पुण्यास खडकीत राहते. तिचा मुलगा, ज्याला मी दादा म्हणते, अठरा वर्षांचा असून आघाडीच्या फळीत खेळतो. गेल्या मोसमात त्याने मिळून एक गोल केला. आघाडीवीराने वर्षभरात एकच गोल करावा, हे त्याच्या संघास पटले नाही आणि त्याला वगळण्यात आले. त्यानंतर एका लहानशा संघाने त्याला बोलावले. परंतु देऊ केले काय, तर प्रवासखर्च आणि खुराकापुरते पैसे! मावशीला ते फार लागले. तिने माझ्या वडिलांना फोन केला आणि म्हणाली, "भाऊजी, इतक्या स्वस्तात पोराने आपली वर्षे घालवायची काय? त्यापेक्षा त्याला तुमच्याकडे घंटीवर बसवा."

ही मागणी साधी नव्हती. हिऱ्याच्या धंद्याला मंदीने ग्रासलेले होते. २०२३ साली तर १५ ऑक्टोबरपासून दोन महिने रफची आयातच थांबवण्याचे व्यापाऱ्यांनी ठरवले होते. तेव्हापासून वडिलांच्या मिळकतीलाही कात्री लागली होती. दादाला येथे आणणे म्हणजे कमी झालेल्या कामात आणखी दोन हात आणणे. आणि न आणणे म्हणजे मावशीच्या घरचा भार तसाच ठेवणे. वडील लगेच काही बोलले नाहीत. दिवाळीच्या सुटीत मी खडकीला जाणारच होते. त्यांनी मला एक वही दिली आणि म्हणाले, "गोल सगळेच मोजतात. गोलाच्या आधी काय होते, ते तू मोजून आण."

मी पिंपरीस नेहरूनगरातील मेजर ध्यानचंद मैदानावर दादाचे तीन सामने पाहिले. हे सामने त्या लहान संघाने केवळ चाचणी म्हणून त्याला खेळू दिले होते. गोलापुढे १४.६३ मीटर अंतरावर जी वक्ररेषा आखलेली असते, तिच्या आतील भागाला खेळाडू डी म्हणतात. आक्रमकाच्या काठीने चेंडूला डीच्या आत स्पर्श झाला तरच गोल धरला जातो. तीन सामन्यांत दादाने चेंडू घेऊन एकोणीस वेळा डीमध्ये प्रवेश केला. त्याला रोखताना प्रतिपक्षाच्या हातून चुका झाल्या, त्यातून त्याच्या संघाला पाच पेनल्टी कॉर्नर मिळाले. त्या पाचांतून दोन गोल झाले. परंतु ते मारणाऱ्याच्या नावावर लागले. दादाच्या नावापुढे शून्यच राहिले.

हा न्याय एकट्या दादाच्याच वाट्याला येतो असे नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताने कांस्यपदक मिळवले. त्या आठ सामन्यांत आपल्या संघाने १५ गोल केले; त्यांपैकी १० एकट्या कर्णधार हरमनप्रीत सिंग यांचे. ते बचावफळीत खेळतात, आणि पेनल्टी कॉर्नर व पेनल्टी स्ट्रोक घेण्यात त्यांचा हातखंडा आहे. सर्व आघाडीवीरांचे मिळून गोल झाले अवघे चार. म्हणून काय आघाडीवीर निरुपयोगी ठरले? डीमध्ये शिरून पेनल्टी कॉर्नर मिळवून देणारा कोणी नसेल, तर तो मारणारा तरी काय मारील? हॉकी इंडिया लीगच्या चालकांनी मैदानी खेळाला उत्तेजन मिळावे म्हणून २०१६ च्या मोसमात मैदानी गोल दोन गोलांचा धरला होता, हे या संदर्भात ध्यानात घेण्यासारखे आहे.

याच लीगच्या लिलावात मोल आणि किंमत यांची ताटातूट उघड दिसते. २०१७ नंतर खंडित झालेली ही स्पर्धा २०२४ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाली. त्या वर्षी ऑक्टोबरात दिल्लीस लिलाव झाला. पुरुषांच्या प्रत्येक संघाला खर्चासाठी ४ कोटी रुपये होते आणि त्यात २४ खेळाडू घ्यायचे होते. खेळाडूंची मूळ किंमत १० लाख, ५ लाख व २ लाख अशा तीन पायऱ्यांनी ठरवलेली होती. सूरमा संघाने हरमनप्रीत यांना ७८ लाखांना घेतले. आपण गणित करून पाहू. एका खेळाडूवर ७८ लाख गेले म्हणजे उरलेल्या तेवीस जणांसाठी ३ कोटी २२ लाख राहिले; सरासरी प्रत्येकी १४ लाख. दुसरा-तिसरा नामवंत घेतला की ही सरासरी आणखी खाली येते. म्हणजे कमी बोलीचे गडी ही संघाची हौस नसून गरज असते. मोठी नावे साऱ्यांनाच ठाऊक असतात. दोन लाखांच्या पायरीवर उभ्या असलेल्या पोरांतून कोणाला उचलायचे, तेथे पारख्याची परीक्षा होते.

अशी परीक्षा उत्तीर्ण झाल्याची उदाहरणेही आहेत. २०१३ च्या पहिल्या मोसमासाठी रांचीच्या संघाने जालंधरच्या मनदीप सिंगला घेतले, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता आणि भारताच्या वरिष्ठ संघातून एकदाही खेळला नव्हता. त्या मोसमात त्याने गोलांचा धडाका लावला आणि रांचीने स्पर्धा जिंकली. पुढे टोकियो व पॅरिस या दोन्ही ऑलिंपिकांत कांस्यपदक मिळवणाऱ्या संघांत तो होता. महिलांच्या पहिल्या लीगचा अंतिम सामना २६ जानेवारी २०२५ रोजी रांचीस झाला. त्या स्पर्धेच्या लिलावात सर्वांत मोठी बोली उदिता दुहान यांना, ३२ लाखांची लागली होती. ओडिशा वॉरियर्सने डच खेळाडू यिब्बी यान्सन यांना २९ लाखांना घेतले होते. अंतिम सामना ओडिशाने २–१ असा जिंकला आणि ते दोन्ही गोल आपल्या महाराष्ट्राच्या ऋतुजा दादासो पिसाळ हिने केले. मोठ्या बोलींच्या यादीत तिचे नाव कोठेच नव्हते!

आणि मावशीच्या घरापासून हाकेच्या अंतरावरचे उदाहरण कसे विसरावे? धनराज पिल्ले यांचा जन्म १९६८ साली खडकीतच झाला. दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत मोडक्या काठ्या दोरीने बांधून ते खेळले. मुंबईस थोरल्या भावाकडे गेल्यावर जोकिम कार्व्हालो यांच्यासारख्या मार्गदर्शकाची नजर त्यांच्यावर पडली. १९८९ साली ते भारतासाठी खेळू लागले आणि चार ऑलिंपिक खेळले. वेग त्यांच्या अंगचाच होता. परंतु त्याला पैलू पाडणारे हात मुंबईस भेटले.

मी वही घेऊन परत आले. वडिलांना हॉकीतील काहीच कळत नाही. परंतु त्यांनी जे प्रश्न विचारले ते एखाद्या प्रशिक्षकाने विचारावेत असे होते. वेगात येणारा चेंडू त्याच्या काठीला चिकटतो की उसळून जातो? चेंडू गेल्यावर तो परत धावतो की कमरेवर हात ठेवून उभा राहतो? डीमध्ये शिरल्यावर चुकते ते नेमके काय? मी आठवून सांगितले: चेंडू चिकटतो, दादा परत धावतो, मात्र शेवटचा फटका तो घाईने मारतो, मान वर करून गोलरक्षकाकडे पाहतच नाही. वडील म्हणाले, "रफला डाग दोन तऱ्हेचे असतात. एक वरचा, तो घासला की जातो. दुसरा गाभ्यातली भेग. तो खडा घंटीवर फुटतो. तुझ्या दादाचा डाग मला वरचा दिसतो."

तथापि वडील एवढ्यावर थांबले नाहीत. स्वस्तात घेतलेला खडा पुडक्यातच पडून राहिला तर त्याचा हिरा होत नाही. संघाची गोष्टही तशीच आहे. कित्येक संघ होतकरू पोरे कमी पैशांत घेतात आणि मोसमभर बाकावर बसवतात. खर्च थोडा, म्हणून काळजीही थोडी! त्यात संघाचे फारसे बिघडत नाही, पोराचे मात्र वर्ष जाते. म्हणून वडिलांनी त्या लहान संघाच्या प्रशिक्षकांना फोन केला. पैशांविषयी त्यांनी एक अक्षरही काढले नाही. मुलाला दर सामन्यात किती वेळ खेळवाल आणि त्याचा शेवटचा फटका सुधारण्यासाठी रोज काय करून घ्याल, एवढेच विचारले. प्रशिक्षकांनी साठ मिनिटांपैकी निदान तीस मिनिटे खेळवण्याचे आणि सरावानंतर रोज शंभर फटके स्वतः उभे राहून मारून घेण्याचे कबूल केले. मग वडिलांनी मावशीला सांगितले, "स्वस्तात गेला म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. कोणाच्या हाती गेला ते पाहा. एक वर्ष त्याला खेळू दे."

हे एक वर्ष फुकटचे नाही. दरमहा पंधराशे रुपये आमच्या घरातून खडकीला जातात. ते कोठून निघतात हे आईला ठाऊक आहे, आणि या वर्षी मी नवी सायकल मागितली नाही त्यामागचे कारणही तेच. वर्षाअखेर दादाच्या नावावर किती गोल लागतील, हे आज कोणीच सांगू शकत नाही. नाहीच लागले, तर वडील त्याला येथे आणून घंटीवर बसवतील आणि त्यात कमीपणाही काही नाही. माझे शिक्षण त्या घंटीवरच चालले आहे.

विद्यार्थिमित्रांनो, वार्षिक परीक्षेचे गुणपत्रक हातात पडले की आपणही एकमेकांच्या नावापुढचे आकडेच पाहतो. आकडे खोटे नसतात, परंतु ते अपुरे असू शकतात. आपल्या वर्गात शेवटच्या बाकावर एखादा असा गडी बसलेला असेल, जो एकोणीस वेळा डीपर्यंत पोचतो आणि तेथे चुकतो. त्याच्यासाठी कोणीतरी एक वही घेऊन बसायला हवे. माझी वही मी जपून ठेवली आहे; दादाच्या नव्या मोसमासाठी तिची पुढची पाने कोरी आहेत.